खारशेतचं नावाचं दार

मिलकाबाईने एकदा एक नवस केला होता. लेकीची सुटका सुखरूप होऊ दे देवा, तुझं नाव मी माझ्या उंबऱ्यापुढे मांडीन. एवढाच नवस. बोलणारी बाई साधी, बोललेली गोष्टही साधी. पण त्या नवसापायी खारशेतातल्या आमच्या प्रत्येक घराला मागच्या अंगाने एक बुटकं दार आलं, आणि पुढच्या अंगणातल्या रांगोळीत मधोमध वीतभर जागा कोरी राहिली. पाहुणे येतात तेव्हा त्यांची नजर आधी त्या कोऱ्या जागेवर जाते. कोणी हळूच विचारतं, "रांगोळी घालता घालता उठलात वाटतं?" तर तसं नाही. ती रांगोळी पुरी झालेली आहे. बसा जरा ओट्यावर. उन्हं खाली होईतो सांगून होईल.

फार जुनी गोष्ट. तेव्हा खारशेतात मशीद नव्हती. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, आमच्या प्रार्थनेच्या घराला मशीदच म्हणतो. गाव खाडीच्या काठाला. थोडी घरं आमची, बाकी आगऱ्यांची आणि कोळ्यांची. आमचे वाडवडील गलबत फुटून या किनाऱ्याला लागले आणि त्यांच्या पोथ्या समुद्राने नेल्या, असं सांगतात. माणसं वाचली, अक्षरं बुडाली. मग ज्याला जे आठवत होतं ते त्याने धरून ठेवलं. तिळाचा नि खोबऱ्याचा घाणा चालवायचा, शनिवारी बैल मोकळे सोडायचे, म्हणून शेजारपाजारचे शनवार तेली म्हणत. आणि एक 'शेमा' तेवढा तोंडपाठ. बाळ जन्मलं तरी शेमा, लग्न लागलं तरी शेमा, मयताला माती दिली तरी शेमा. देव एक आहे, हे एकच वाक्य आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पुरवून पुरवून वापरलं.

अशा गावात एका वर्षी कोचीनहून गुरुजी आले. कोणी त्यांचं नाव नहेम्या सांगतं, कोणी दुसरंच. हसाजी तेल्याच्या घाण्याच्या पडवीत बसून ते पुरुषांना आणि मुलांना हिब्रू अक्षरं शिकवत. बाया कुडाआड तीळ पाखडत बसायच्या. पाखडणं नावाला, कान सगळे आत. मिलकाबाई ही या हसाजीची बायको. तिच्या सुपातले तीळ त्या वर्षी जरा जास्तच निवडलेले निघायचे म्हणे.

गुरुजींनी घरोघरच्या चौकटीला ठोकायला देवाचं वचन लिहिलेल्या कातड्याच्या बारीक गुंडाळ्या आणल्या होत्या. ठोकण्याआधी त्यांनी एक उलगडली आणि बायांनाही पुढे बोलावलं.

"हे बघा, हे त्याचं नाव," ते म्हणाले. "वाचताना जसंच्या तसं तोंडातून काढायचं नाही, 'अदोनाय', म्हणजे 'माझा प्रभू', म्हणायचं. आणि उगाच कुठे लिहायचंही नाही. का, तर लिहिलेलं कधीतरी पुसलं जातं, आणि हे पुसायचं नसतं. कातड्यावर असो, लाकडावर असो, मातीवर असो. लिहिलं की लिहिलं."

गुरुजी बोलत होते आणि मिलकाबाई बघत होती. ऐकणं तिच्या कानांवरून गेलं. चार अक्षरं होती. पहिलं अगदी छोटं, दिव्याच्या ज्योतीएवढं. मग एक दार. मग उभा खांब. मग पुन्हा तसंच दार. दोन्ही दारं एका बाजूने किलकिली. ती अक्षरं तुम्हाला काढून मात्र दाखवणार नाही, आणि तुम्हीही मागू नका; कागद कुठे पडेल, कोणाच्या पायाखाली येईल, सांगता येत नाही. पण मिलकाबाईला ती एका नजरेत बसली. हातात रांगोळी असलेल्या बाईला अक्षर नाही कळत, वळण कळतं. जन्मात पोथी न वाचलेल्या त्या बाईने देवाचं नाव घरासारखं वाचलं: ज्योत, दार, खांब, दार.

आणखी एक गोष्ट तिने पडवीतून उचलली. आमचे लोक मिसर देशात गुलाम होते आणि तिथे मरण घरोघर फिरत होतं, तेव्हा ज्या दारांवर खूण होती त्या दारांत ते शिरलं नाही. ही गोष्ट तिने कितीदा तरी मनात घोळवली. कारण तिची लेक दिना बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि दिनाच्या घरी दोनदा पाळणा बांधून दोनदा सोडला होता. दोन्ही मुलं जन्मताच गेली. दुसऱ्या वेळी दिना स्वतः मरता मरता राहिली. आता ही तिसरी खेप. सासरचं कोणी काही बोललं नव्हतं, पण निघताना सासूने तिचे कपडे जरा जास्तच नीट घडी करून दिले होते. मिलकाबाईने ती घडी बघितली, सून परत येईल असं सासू धरत नाही हे ओळखलं, आणि त्याच रात्री तो नवस केला.

माघात एलियाहू हन्नाबीचा उरूस असतो. हन्नाबी म्हणजे संदेष्टा; आमचा नवसांचा धनी तो. पोह्यांचा मलिदा करून आम्ही त्याच्या नावाने ताट भरतो. त्या दिवशी खारशेतातली आमची सगळी माणसं उरुसाला खाडीपलीकडे गेली, गुरुजीही गेले. राहिली फक्त हसाजीच्या घरची. दिना, कारण तिला हलवता येत नव्हतं, तिच्यासाठी आईबाप, आणि बैलांना पाणी दाखवायला हसाजीचा धाकटा भाऊ इसाजी. दिनाचे दिवस भरायला अजून अवकाश होता, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पण पोटातलं बाळ कोणाच्या म्हणण्यावर चालत नाही. सकाळीच दिनाला कळा सुरू झाल्या.

हसाजी आगरवाड्यात नागूबाय सुईणीला आणायला धावला. दिना आत भिंतीशी टेकून बसली होती. "आई, थोडं थांबलंय," ती म्हणाली, "तू उगाच माझ्याकडे अशी बघू नकोस. मला भीती वाटते."

मिलकाबाईच्या हातापायांना चैन पडेना. पाणी तापत ठेवलं होतं, ते पुन्हा बघून आली. फडकी काढून ठेवली होती, ती पुन्हा मोजली. काय करावं म्हणजे आत काही वाईट शिरणार नाही? तेवढ्यात तांदळाच्या पिठाचं मडकं दिसलं आणि तिला तिचा नवस आठवला. नवस फेडायचा होता सुटकेनंतर. पण खूण नंतर करून काय उपयोग? मरण येऊन गेल्यावर दारावर खूण करतात का?

ती बाहेर आली. उंबऱ्यापुढची जमीन तिने सारवून गुळगुळीत ठेवली होती. दाराकडे तोंड करून, उकिडवी बसून, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत तिने नाव मांडलं. उजवीकडून डावीकडे, गुरुजींच्या कातड्यावर होतं तसं. मग भोवती वेल काढली, ठिपके दिले. एवढी सुंदर रांगोळी आपल्या हातून कधी उतरली नव्हती, असं तिला वाटलं, आणि त्या सकाळी पहिल्यांदाच तिच्या छातीतलं धडधडणं जरा बसलं.

"आई, पाणी गं," आतून दिनाची हाक आली.

"आले, आले." मिलकाबाईने पाय उचलला.

"वहिनी! पाय मागे घे!"

इसाजी बैलाचं दावं हातात धरून उभा होता. गुरुजींच्या पडवीत तो सगळ्यांत पुढे बसायचा, आणि शिकलेलं कोणाला सांगू कोणाला नको असं त्याला व्हायचं. पण आता त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे कोणी काढलं?"

"मी काढलं, भावजी. का? चुकलं का अक्षर?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं," इसाजी म्हणाला. "एकदम बरोबर आलंय."

"मग झालं काय? मला आत जाऊ दे, पोर पाणी मागतेय."

"त्या नावावरून पाय टाकून जाणार तू?"

तेव्हा मिलकाबाईला उमगलं. उंबऱ्याची पुरी रुंदी नावाने भरली होती, घराला दार एकच होतं, लेक आत होती आणि ती बाहेर. तिने पटकन केरसुणी उचलली. "चूक झाली भावजी, पुसून टाकते. देव काय मला ओळखत नाही का?"

इसाजीने तिच्या हातातली केरसुणी धरली. "तेच करायचं नसतं! लिहिलं की लिहिलं, गुरुजी म्हणाले. पुसणारा हात आपला राहत नाही." हे शेवटचं त्याने पदरचं घातलं होतं, असं सांगतात. नवीन शिकलेला माणूस नियमाला दोन बोटं वाढवूनच सांगतो.

"मग मी आत कशी जाऊ?"

इसाजीने खूप विचार केला. "ते गुरुजींनी अजून शिकवलं नाही," तो म्हणाला. आणि दावं तिथेच टाकून तो खाडीकडे पळाला, गुरुजींना विचारायला. धक्क्यावर पोचला तर ओहोटी लागलेली, होडी चिखलात बसलेली. पाणी भरेपर्यंत तो काठावर येरझारा घालत राहिला, अन् इकडे हे झालं.

हसाजी नागूबायला घेऊन आला. नागूबाय अंगाने दणकट, वयाने साठीपुढची. या गावातली निम्मी माणसं तिच्या हातांत पहिल्यांदा रडली होती. तिने दार बघितलं, रांगोळी बघितली, मिलकाबाईचं तोंड बघितलं.

"आगो मिलकाबाय, पोर आत हाय, मी भायेर हाय, आन् मधी तुजा देव हाय. आता करू काय, सांग!"

"उडी मारता येईल का गो?"

"मी काय बेडूक हाय? आन् माझा लुगडा कोन धरील? वाऱ्यानं तुजा देव उडाला, तर मलाच बोल लावशील."

फळी टाकावी तर नाव फळीखाली, म्हणजे पायाखालीच. खिडकी होती ती मांजर जाईल एवढी. आतून दिनाचं कण्हणं आता मोठं झालं होतं. मध्येच ती ओरडे, मध्येच अगदी गप्प होई, आणि ते गप्प होणं मिलकाबाईला जास्त खाई. ती खिडकीशी जाई, "इथेच आहे गं बाळा, इथेच आहे," म्हणे, परत दाराशी येई, परत खिडकीशी. इतकं जवळ असून आई लेकीच्या कपाळाला हात लावू शकत नव्हती.

हसाजी कमी बोलणारा माणूस. घाण्याभोवती बैलामागे फिरून त्याला सवय झाली होती, काही न बोलता काम पुढे नेण्याची. त्याने कोपऱ्यातली पहार उचलली आणि घराच्या मागे गेला. मागची भिंत कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, वरून शेणामातीने लिंपलेली. दर वर्षी मिलकाबाईच लिंपायची. "दिना, पुढच्या भिंतीशी सरक," त्याने आवाज दिला, आणि पहार मारली. माती ढासळली, कारवी कडकड मोडली, आणि घराच्या पाठीला भगदाड पडलं. नागूबाय कमरेत वाकून आत शिरली. शिरताना म्हणाली, "पन्नास वर्सं पोरं काढत्ये, पन् सुईनीला चोरासारखी आत घेनारी तुमीच!"

पण कूड गेला तशी त्याच्या आधाराने उभी असलेली, छप्पर पेलणारी मेढ कलली आणि वरचं आढं करकरलं. हसाजीने खांदा लावला. खांदा काढला असता तर छप्पर बाळंतिणीवर आलं असतं. तो तिथेच उभा राहिला, भगदाडाकडे पाठ करून, घराचा खांब होऊन.

आता मिलकाबाईलाही त्या वाटेने आत जाता आलं असतं. ती तशी निघालीही. तेवढ्यात दुपारचा खारा वारा सुटला. खाडीवरून पहिली झुळूक आली आणि वेलीच्या टोकाचे दोन ठिपके मिलकाबाईच्या डोळ्यांदेखत उडून गेले.

ती परत फिरली. तिने सूप घेतलं आणि नावापुढे आडवं धरून बसली.

तिच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल, ते आम्हा बायकांना सांगावं लागत नाही. नवस करणारीला देवाची भीती नसते, नवस उलटण्याची असते. ज्या नावाने मरणाला अडवायचं तेच आपल्या हातून पुसलं गेलं, तर मरणाला दार कोणी उघडलं? आपणच. तिला वाटलं, हे नाव जागेवर आहे तोवर दिना आहे. सूप हललं तर दिना जाईल. म्हणून ती सूप धरून बसली. वारा डावीकडून आला की डावीकडे, उजवीकडून आला की उजवीकडे. कोंबड्या आल्या, त्यांना हाकललं, तर त्यांच्या पंखांचाच वारा. खाकरावं तर श्वास लागेल, म्हणून तिने तोंडावर पदर धरला. दंड भरून आले. आणि आत दिना ओरडत होती.

मग मुंग्या आल्या.

तांदळाचं पीठ ते. मुंग्यांना कोण बोलावतं? चौकटीच्या फटीतून एक रेघ निघाली, वेलीला वळसा घालून सरळ पहिल्या अक्षराशी गेली, त्या ज्योतीएवढ्या अक्षराशी. एकेक मुंगी एकेक कण उचलून मागे फिरू लागली. मिलकाबाईने बोट पुढे केलं. झटकावं तर बोटाने अक्षर फिस्कटणार, फुंकावं तर फुंकरीने सगळंच जाणार. "नका गं," ती मुंग्यांना म्हणाली. "माझ्या बायांनो, दुसरं पीठ देते. एवढं राहू द्या." मुंग्या आपल्या कामाला लागलेल्या. ज्योत बारीक होत होती.

"मिलकाबाय!" आतून नागूबायचा आवाज. आता त्यात चेष्टा नव्हती. "पोर दम सोडतेय. बाल आडवा हाय. मी एक हातानं बाल फिरवीन, पन् हिला धरील कोन? हिला तुजा हात पायजे!"

"सूप सोडलं तर नाव जाईल गो!"

"आन् नाय सोडलंस तर कोन जाईल?"

मागून हसाजीने एकच हाक मारली. "मिलका." त्याला हलता येत नव्हतं. त्या हाकेत सगळं आलं.

आणि मग दिनाची हाक आली. ओरडणं नव्हे. लहानपणी घाण्याच्या अंधारात भ्यायली की मारायची, तशी बारीक. "आई, तू कुठे आहेस गं?"

मिलकाबाई उठली. तिने सूप बाजूला ठेवलं. नावाकडे बघून ती जे बोलली ते खारशेतात प्रत्येक बाईला पाठ आहे.

"देवा, तुझं नाव तू सांभाळ. माझी लेक मी सांभाळते."

आणि मागे न बघता ती घराला वळसा घालून धावली. नवऱ्याच्या काखेखालून, मोडक्या कारवीने दंड ओरबाडून घेत आत गेली, आणि लेकीला पाठीमागून मिठी मारून बसली. "आले गं, आले. सोड माझ्या अंगावर सगळा भार." किती वेळ गेला ते सांगत नाहीत. दिनाने आईच्या मनगटाला चावा घेतला, त्याची खूण मिलकाबाईने म्हातारपणापर्यंत मिरवली म्हणे, एखादी बाई पाटली मिरवते तशी. नागूबायने बाळ फिरवलं. मग एकदम सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत एक चिरका, रागीट आवाज उठला.

"पोरगी हाय!" नागूबाय म्हणाली. "आन् भांडकुदळ हाय. जगनार."

बाहेर हसाजीने खांद्यावरच्या मेढीला डोकं टेकलं आणि शेमा म्हटला. शेमा म्हणताना हाताने डोळे झाकतात; त्याला ते झाकता येत नव्हते, म्हणून नुसते मिटून घेतले.

दिनाला झोप लागल्यावर मिलकाबाई उठली. पुढच्या दाराशी जायचा तिला धीर होईना. वारा तर दुपारभर पिसाटासारखा सुटला होता. आढ्यावरून तो कसा घोंघावत होता ते तिने आतून ऐकलं होतं. उंबऱ्याशी येऊन तिने आतल्या बाजूने खाली बघितलं.

भोवतीची वेल तशीच होती. ते उडालेले दोन ठिपके सोडले तर बाकीचे ठिपकेही जागच्या जागी. मध्ये मात्र काहीच नव्हतं. फिस्कटलेलं नाही, उडालेलं नाही, पांढरा डागसुद्धा नाही. कोणीतरी चार अक्षरं अलगद उचलून नेली असावीत, तशी खालची सारवलेली जमीन स्वच्छ दिसत होती.

मिलकाबाई उंबऱ्यावरच बसली. आपण काय केलं, आपल्याला काय होईल, दिनाला काय होईल, तिला काही कळेना. आत बाळ जिवंत होतं आणि बाहेर नाव नव्हतं. तिला हसू येईना नि रडूही येईना.

भरतीबरोबर इसाजी गुरुजींना घेऊन आला. उन्हं अजून अंगणात होती. गुरुजींनी बाळाचा आवाज ऐकला आणि ते आधी हसले. मग मिलकाबाईने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. केरसुणी उचलली होती तेही सांगितलं. "माझ्या हाताने नाही पुसलं गुरुजी, पण मी सोडून गेले. शिक्षा असेल ती मला असू दे. पोरींना नको."

गुरुजींनी तिला हाताने थांबवलं. मग म्हणाले, "बाई, चूक माझी. मी तुम्हाला पहिली ओळ शिकवली आणि दुसरी शिकवायच्या आधी उरुसाला गेलो. जीव वाचवायचा असेल तिथे शनिवारचा शब्बाथसुद्धा बाजूला राहतो. तू केरसुणी मारून आत गेली असतीस तरी देवाने तुला विचारलं नसतं."

इसाजीने मान खाली घातली.

"आणि आणखी एक ऐका," गुरुजी म्हणाले. "नवराबायकोत संशय शिरला, घर मोडायला आलं, तर देवाचं नाव लिहून ते पाण्यात विरघळवायचं, असं त्यानेच सांगून ठेवलंय. एक घर टिकावं म्हणून स्वतःचं नाव पाण्यात जाऊ देणारा आहे तो. त्याला तू ओळखलंस. सांभाळ म्हणालीस ना? त्याने सांभाळलं."

"पण नाव गेलं कुठे, गुरुजी?"

गुरुजी खाली वाकले. बराच वेळ जमीन न्याहाळत राहिले. मग बोटाने दाखवलं. चौकटीपासून मुंग्यांची एक रेघ निघाली होती. ती घराच्या कडेकडेने जात होती आणि प्रत्येक मुंगीच्या तोंडात एक पांढरा कण होता. गुरुजी त्या रेघेमागून चालू लागले, त्यांच्या मागून मिलकाबाई, तिच्या मागून इसाजी. कोणाची सावलीही रेघेवर पडू नये अशा बेताने. रेघ घराला वळसा घालून मागे गेली आणि जिथे हसाजीने भिंत फोडली होती, तिथे भगदाडाच्या पायाशी जमिनीत उतरत होती. उन्हं जाईपर्यंत उतरत होती.

"आपली पोथी जीर्ण झाली, फाटली, की आपण ती जाळत नाही, फेकत नाही," गुरुजी म्हणाले. "माणसासारखी मान देऊन जमिनीत पुरतो. हे मी तुम्हाला पुढच्या महिन्यात शिकवणार होतो." मुंग्यांकडे बघून ते म्हणाले, "इथे पुरणारे माझ्याआधी येऊन गेले."

हसाजीने दुसऱ्या दिवशी मेढ नीट केली आणि भिंत बुजवायला माती कालवली. तेव्हा मिलकाबाई आडवी आली. "त्या नावात दोन दारं आहेत, मी बघितली आहेत," ती म्हणाली. "आपल्याच घराला एक का?" हसाजीने कालवलेल्या मातीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि भगदाडाला चौकट बसवली. खाली मुंग्यांची वाट होती ती मोकळी ठेवली. त्या जागी पावसाळ्यात सब्जाचं रोप उगवलं. कोणी लावलं नव्हतं. काही लोक म्हणतात सुपात तिळांबरोबर बी आलं असेल. असेलही.

आजही खारशेतात आमच्या घरांना मागचं दार असतं, आणि त्याला नावाचं दार म्हणतात. ते मुद्दाम बुटकं ठेवतात. आत येणाऱ्याने नागूबायसारखं वाकून यावं. बाळंतपणाला आलेली लेक पहिल्यांदा त्याच दाराने घरात येते, आणि तिच्याबरोबर सुईण असो, डॉक्टरीण असो, तीही. आजही नवसाच्या दिवशी पुढच्या अंगणात रांगोळी घालतात, वेल काढतात, ठिपके देतात, आणि मध्ये वीतभर जागा कोरी सोडतात. जे लिहून पुसलं जाईल ते लिहायचं नाही. त्याची जागा तेवढी मांडायची. आणि रांगोळीला हात लावण्याआधी पिठाची पहिली चिमूट मागच्या दारी, मुंग्यांना. मलिद्याच्या ताटाबरोबर सुवासाचा आशीर्वाद म्हणायला जो सब्जा हातोहात फिरवतात, तो त्याच रोपाच्या बियांचा. दिनाची ती भांडकुदळ पोरगी, एलिशेबा तिचं नाव ठेवलं होतं, नव्वदी गाठून गेली असं सांगतात, आणि शेवटपर्यंत पुढच्या दाराने कधी आली नाही म्हणे.

आता उन्हं उतरली. तुम्हाला खाडी ओलांडायची आहे, अडवत नाही. पण प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी अडलेलं असतं, म्हणून एवढंच मागणं. नवस जरूर करा. देवाला आपला घोर द्या, त्याचा धीर आपण घ्या. पण मांडाल ते असं मांडू नका की माणसाला आत येता येणार नाही. मध्ये वीतभर जागा सोडा. हे घ्या, पुडीत चिमूटभर पीठ बांधलंय. घरी गेल्यावर दिवा लावायच्या आधी मागच्या दारी ठेवा. मागचं दार नसेल तर खिडकीत ठेवा. येणारे येऊन नेतील.

आणि जाताना इकडून या. जरा वाकून.